बंपरवरचं कुंकू

सानपाड्याच्या त्या रो हाऊसचा वरचा मजला बघायला आम्ही गेलो, तेव्हा घरमालकांनी भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ यातलं काहीही सांगायच्या आधी कपड्यांचा नियम सांगितला. हवा कोरडी असेल त्या दिवशी गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत.

मी म्हटलं, "काका, कोरड्या हवेतच तर कपडे वाळतात."

"रंगपण तेव्हाच वाळतो," ते म्हणाले. "खाली स्प्रे चालू असला की वर उडतो. मग तुमच्या चादरीवर पांढरे ठिपके पडणार, तुम्ही भांडायला येणार. त्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं."

माझा नवरा हसला. मला हसू आलं नाही, कारण आमच्या घरात धुणं मी करते. पण खोल्या हवेशीर होत्या, स्टेशन जवळ होतं, म्हणून गप्प बसले. मनात म्हटलं, म्हातारा वेडा दिसतोय. हे मत मी पुढे कधी बदललं नाही. फक्त वेड कशाचं आहे ते हळूहळू कळत गेलं, आणि कळलं तेव्हा वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

काका आता नाहीत. आम्हीही ते घर सोडून बोनकोड्याला राहायला आलो. इथे कुणाचा कसला नियम नाही, हवं तेव्हा कपडे वाळत घाला. तरी ऑक्टोबरात एखाद्या सकाळी हवा कडक कोरडी असली की दोरीवर चादर टाकताना माझा हात अजून अडतो.

खालच्या पोर्चमध्ये त्यांची पांढरी गाडी उभी असायची. रिटायर झाल्यावर घेतलेली. त्याआधी त्यांनी उभा जन्म औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काढला होता, म्हणजे नोकरीत गाड्यांशी किंवा रंगाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. मूळचे साताऱ्याकडचे. गाडी चालवायला उतारवयात शिकले, आणि घराचं गेट होतं अरुंद. गाडी आत घेताना पुढच्या बंपरचा डावा कोपरा गेटच्या खांबाला घासायचा. दरवेळी नाही, पण सवयीने घासायचा. एवढा की खांबावरही पांढरा पट्टा पडला होता. कुणीही दुसरा असता तर त्याने खांब फोडून गेट रुंद केलं असतं. मी एकदा तसं सुचवलं.

"गेट बरोबर आहे," काका म्हणाले. "चूक माझी आहे. चूक माझी तर खांब का फोडायचा?"

आणि मग घासलेला बंपर ते स्वतः रंगवायचे. गॅरेजला गाडी न्यायचं नाव काढलं तर अंगावर यायचे. का, तर गॅरेजवाले प्लास्टिकचा प्रायमर मारत नाहीत. "पत्र्याला मारायचा तोच प्लास्टिकला मारतात, वर रंग चढवतात, पैसे घेतात. सहा महिन्यांत पापुद्रा निघतो. प्लास्टिक कुणाला धरून ठेवत नाही, पोरी. त्याला आधी तयार करावं लागतं."

हे त्यांचं आवडतं वाक्य. बंपरपुरतं ठेवलं असतं तर ठीक, पण ते माणसांनाही लावायचे. सोसायटीच्या सेक्रेटरीने दिलेला शब्द फिरवला की, "प्रायमर नाही त्याला." टीव्हीवर कुणी मोठमोठं बोलायला लागला की, "वरचा हात चकचकीत आहे, खाली काय मारलंय कोण जाणे." माझ्या नवऱ्याने दोन नोकऱ्या सोडल्या तेव्हा त्याच्याबद्दलही असंच काहीतरी पुटपुटले होते. मी ऐकलं. रागही आला, पण खोटं तरी काय होतं त्यात.

रंगवायचा दिवस म्हणजे घरातलं कार्यच. आदल्या दिवशी बंपर भांड्यांच्या साबणाने धुवायचा. मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यातला पॉलिश पेपर, बादलीत भिजवून घासायचा. तोही जोर लावून नाही, जातं फिरवावं तसा हात संथ फिरवत. मग थिनरच्या फडक्याने पुसायचा, आणि त्यानंतर बोट लावायची कुणाची टाप नव्हती. बोटाचं तेल लागतं म्हणे. पोर्चच्या तिन्ही बाजूंनी काकूंच्या जुन्या सुती साड्या बांधायच्या, धूळ येऊ नये म्हणून. खाली फरशीवर पाणी शिंपडायचं. हेडलाइटला, नंबरप्लेटला टेप आणि वर्तमानपत्र. शेवटी प्रायमरचा डबा कोमट पाण्यात ठेवायचा, म्हणजे फवारा एकसारखा येतो. हे कोमट पाणी ते काकूंच्या दुधाच्या पातेल्यात घ्यायचे. त्यावरून दरवेळी भांडण व्हायचं आणि दरवेळी पातेलं तेच असायचं.

काकू दिवाळे गावच्या. खाडीकाठच्या कोळ्याच्या घरातल्या. साताऱ्याचा हा माणूस आणि ही कोळीण यांचं कसं जमलं ते मी काकूंना एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "मासली घ्यायला यायचा. कोनती ताजी ते कलत नसायचं. मंग दयाच आली." काका तिथेच बसले होते. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

खरी गंमत अशी की रंगवायचा दिवस काका ठरवत नसत, काकू ठरवत. आमच्याकडे खाडीची हवा. वरून कोरडी वाटते, पण ओल असते तिच्यात, आणि ओल असली की शेवटचा चकचकीत हात दुधाळ होतो, काच धुरकटावी तसा. ही ओल ओळखायला काकांनी एक यंत्र आणलं होतं. ते यंत्र आणि काकू यांचं कधी पटलं नाही. काकू सकाळी दिवाळ्याला बहिणीला फोन लावायच्या आणि एवढंच विचारायच्या, की मासळी वाळत टाकली का. टाकली असेल तर रंग मारायचा. बहीण म्हणाली, आज नाय टाकली, वारा ओला हाय, तर काका कितीही तयारीत असोत, साड्या सोडायच्या.

"तिथं बोंबील सुकत नाय," काकू म्हणायच्या, "तर तुमचा रंग कुठून सुकल?"

काका चिडायचे, यंत्र दाखवायचे, आणि साड्या सोडायचे. एकदा मात्र त्यांनी यंत्राचं ऐकलं होतं. तो बंपर अख्खा दुधाळ झाला. पुन्हा सगळा घासावा लागला. त्यानंतर ते यंत्र मला स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी दिसायचं.

आमचं दुसरं वर्ष होतं त्या घरात. पाऊस लांबला होता, नवरात्र आलं तरी हवा ओलीच. बंपरचा कोपरा श्रावणात घासलेला, तो तसाच. काकांची नुसती तगमग चालली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिवाळ्याहून निरोप आला, की मासळी टाकली. मग काय, सकाळपासून साड्या, पाणी, पातेलं. संध्याकाळपर्यंत प्रायमरचे हात, रंगाचे हात, वरचा चकचकीत हात, सगळं झालं. गाडी अशी दिसत होती की मी स्वतः गॅलरीतून म्हटलं, काका, छान झालंय. ते वर न बघता म्हणाले, "आठ दिवस कुणी हात लावायचा नाही. वरून वाळतो, आतून ओला असतो."

दुसऱ्या दिवशी दसरा. काकूंनी सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, बॉनेटवर लांबून अक्षता टाकल्या आणि मग वाकून बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर, जिथे खांब लागतो बरोबर तिथे, ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. त्यांच्या माहेरी होडीला लावतात तसा. होडीचं पुढचं टोक लाटेचा पहिला मार खातं, म्हणून कुंकू आधी त्याला.

मी माझ्या स्कूटरला हळद लावत होते. पोर्चच्या दारात काका उभे होते, अंघोळ करून, सोवळ्यासारखे. त्यांचा चेहरा बघून मी हळदीची वाटी खाली ठेवली.

"तुला सांगितलं होतं ना मी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "आठ दिवस सांगितलं होतं."

"मंग दसरा काय आठ दिवसांनी येनार हाय?" काकू म्हणाल्या. "आजचं आजच लावायचं असतं."

"वाळू द्यायचं होतं."

"वालल्यावर लावलं ते काय कुंकू? ते नुसतं पुसून जातं."

काका आत गेले आणि थिनरचं फडकं घेऊन आले. कुंकू पुसायला गेले, आणि तिथेच सगळं बिघडलं. थिनरने कुंकवाचा रंग विरघळला आणि ओल्या रंगात आत उतरला. रुपयाएवढा लाल टिळा होता, त्याचा तळहाताएवढा गुलाबी डाग झाला. जितकं पुसावं तितका आत. शेवटी त्यांनी फडकं टाकून दिलं. मी सोनं द्यायला खाली गेले तर काकूंनी एकट्यानेच आपट्याची पानं घेतली. काका आतल्या खोलीत पाठ करून पडले होते.

पुढे त्यांनी त्या डागाचा पिच्छाच पुरवला. डाग घासला, वर प्रायमर, वर पांढरा. चार दिवस बंपर दुधासारखा पांढरा, आणि पाचव्या दिवशी त्याच जागी गुलाबी छटा. लाल रंगाची जात अशीच असते, नव्या रंगातल्या थिनरबरोबर तो वर चढतो. हे मला काकांनीच सांगितलं, दात ओठ खात. पुन्हा घासला, पुन्हा मारला, पुन्हा वर आला. काकू जोत्यावर बसून मेथी निवडत बघायच्या.

"घासा, घासा," म्हणायच्या. "येल परत. माझ्या हातचं हाय."

एवढं चिडवल्यावर काका कधीतरी हसतील असं मला वाटायचं. हसले नाहीत. हा माणूस बायकोवर प्रेम करत होता की नाही, तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. साधा ताप म्हणून दाखवायला नेलं, आणि घरी आल्याच नाहीत. मुलगा बंगळुरूहून आला, दिवस करून गेला. दिवाळ्याहून बहीण आली, ती पोर्चमध्ये गाडीला टेकून रडली. काका रडले नाहीत. गाडीवर कव्हर घातलं आणि दार लावून घेतलं. खालून महिनाभर टीव्हीचासुद्धा आवाज आला नाही. मी डबा द्यायचे. रिकामा डबा घासून, पुसून जिन्यात ठेवलेला असायचा.

मग नवरात्राच्या सुमाराला एका सकाळी मी कपडे वाळत घालायला गॅलरीत आले, तर खाली काका फोन कानाला लावून उभे होते. त्यांच्या घरातून दिवाळ्याला फोन काकूच लावायच्या. बहिणीशी काका आयुष्यात चार वाक्यं बोलले नसतील.

"मासळी टाकली का?" त्यांनी विचारलं.

मग म्हणाले, "बरं. बरं. रडू नका."

फोन ठेवून त्यांनी वर बघितलं. मी हातातली ओली चादर बादलीत परत टाकली.

त्या दिवशी त्यांनी पुन्हा साड्या बांधल्या, दुधाच्या पातेल्यात पाणी तापवलं. मी जिन्यात बसून बघत होते. बंपरला नवीन ओरखडा नव्हता. गाडी गेटबाहेर गेलीच नव्हती, तर ओरखडा येणार कुठून? तरी त्यांनी तो घासला, आणि घासताना माझ्या लक्षात आलं, की डाव्या कोपऱ्यावर, डागाच्या जागी, पेपर फक्त टेकवून फिरवत होते. आधी हीच जागा सगळ्यात जोरात घासायचे. मग प्रायमर, मग पांढरा, मग चकचकीत. सगळा बंपर पांढराशुभ्र झाला. साड्या सोडल्या, घड्या घातल्या.

चार-पाच दिवसांनी मी ऑफिसला निघाले तर काका पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, गाडीच्या अगदी पुढ्यात.

"ये इकडं," म्हणाले. "दिसतंय का?"

कोपऱ्यावर गुलाबी छटा आली होती.

"आली बघ," काका म्हणाले. "म्हणाली होती ना, येल परत."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑफिसला उशीर झाला. हा माणूस बंपर रंगवत नव्हता. तो बायकोला हाक मारत होता, आणि तिने ओ दिली होती.

दरवर्षी नवरात्रात हे व्हायचं. दिवाळ्याला फोन, साड्या, पातेलं, आणि मग खुर्ची टाकून वाट बघणं. डाग यायचा, पण दरवर्षी थोडा फिका. पहिल्या वर्षी लांबून दिसायचा, मग जवळ जाऊन, मग उन्हात तिरकं बघितलं तर. मला राहवेना. एकदा म्हटलं, "काका, आता नका ना रंगवू. आहे तेवढा राहू दे. प्रत्येक हाताला कमी होतोय तो."

"नुसता ठेवला तर डाग आहे तो," काका म्हणाले. "वर आला तर ती आहे."

मी दरवर्षी चादरी घरात वाळवल्या, फॅनखाली.

मुलगा वाईट नव्हता. हे सांगितलं पाहिजे, कारण मी पुढे त्याच्यावर खूप चिडले होते. रविवारी फोन करायचा. बापलेकांचं बोलणं म्हणजे जेवलात का, हो, औषध, हो, ठेवतो. काकू असताना त्यांनी मला सांगितलं होतं, की हा लहान असताना याला स्वतःची सायकल रंगवायची होती. काकांच्या हातातला रंगाचा डबा मागितला, तर काकांनी हिसकावून घेतला. म्हणाले, हात थरथरतो तुझा, हे तुझं काम नाही. पोरगा आत गेला आणि पुन्हा त्याने बापाकडे काही मागितलं नाही. "दोगं पन तसलीच," काकू म्हणाल्या होत्या.

तर कधीतरी फोनवर बोलायला काही नाही म्हणून काका त्याला बोलून गेले असावेत, की बंपरवर तो डाग दरवर्षी परत येतो. एवढंच. का येतो, आला की काय होतं, हे सांगणारे ते नव्हतेच. मुलाला वाटलं, बापाला त्रास होतोय.

त्या वर्षी घट बसायच्या आधी तो सुट्टी काढून आला. बॅगेतून त्याने प्रायमरचा डबा काढला. बंगळुरूच्या कुठल्या कुठल्या दुकानांत हिंडून शोधला होता.

"बाबा, हा बघा. हा मारला की खालचं काही वर येऊच देत नाही. डाग कायमचा बंद."

मी जिन्यात उभी होते, हातात ओल्या कपड्यांची बादली. दिवाळ्याहून फोन आला होता म्हणून कपडे गॅलरीतून काढून आणले होते. काका डबा हातात घेऊन वाचत होते. डब्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचल्याशिवाय ते कधी झाकण काढायचे नाहीत. त्यांनी सगळं वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. मी मनात म्हटलं, आता बोलतील. निदान, माझा नेहमीचा डबा आहे, तोच मारू या, एवढं तरी म्हणतील.

मुलगा म्हणाला, "मी मारू का? कसा मारायचा ते सांगाल?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. मुलाचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. असा माणूस बापासमोर डबा धरून उभा होता, आणि देतील की हिसकावतील, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं.

"मनगट नाही हलवायचं," काका म्हणाले. "अख्खा हात न्यायचा. फवारा बंपरच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच थांबवायचा. मधे थांबलास तर ओघळ येतो."

"असा?"

"अजून लांब धर. हां. आता ने."

त्यांनी मुलाच्या मागे उभं राहून त्याचा कोपर धरला. मला गप्प बसवेना. दोन पायऱ्या उतरून मी म्हटलं, "काका, जरा ऐकता का..."

"पोरी, वर जा," ते वळून न बघता म्हणाले. "कपडे आत घे."

कपडे माझ्या हातातच होते. मी वर गेले आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. स्प्रेचा आवाज खालून येत राहिला, थांबून थांबून, आणि मधेमधे काकांचा आवाज. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मुलगा गेला त्या दिवशी मी खाली जाऊन सरळ विचारलं. "त्याला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं?"

"तुम्हाला माहितीये काय ते."

काका पातेलं घासत होते. पातेल्याला कधी रंग लागलेला नसायचा, तरी घासायचे. "त्याने विचारलं मला, कसं मारायचं म्हणून," ते म्हणाले. "किती वर्षांनी विचारलं."

"मग शिकवायचं होतं. पण आपल्या डब्याने."

"त्याने आणलेला होता," काका म्हणाले. "एवढ्या लांबून."

मला इतका राग आला होता, की कुणाचा आलाय तेच कळेना. रागाने मी त्या दिवशी जेवणाचा डबासुद्धा नवऱ्याच्या हाती पाठवला.

मग खुर्ची. रोज सकाळी काका गाडीपुढे बसलेले. चार दिवस गेले, पाच गेले. माळा चढत होत्या. मी येता-जाता बघायचे आणि त्यांनी विचारायच्या आधी नजर काढून घ्यायचे. बंपर पांढरा होता. इतका पांढरा तो कधीच झाला नव्हता. रविवारी मुलाचा फोन आला. काकांना ऐकू कमी यायचं म्हणून फोन स्पीकरवर असायचा, जिन्यापर्यंत ऐकू यायचं.

"बाबा, आला का डाग?"

"नाही."

"बघा, म्हटलं होतं ना."

"चांगला आहे प्रायमर," काका म्हणाले. "तुझा हातपण चांगला पडलाय. कुठे ओघळ नाही."

"खरंच?"

"खरंच."

आठव्या माळेला मी ऑफिसमधून जरा लवकर आले, तर पोर्चमध्ये पाणी वाहत होतं. काका खाली फरशीवर बसून बंपरचा कोपरा घासत होते. साड्या नाहीत, टेप नाही, काही नाही. अंगातला बनियन भिजलेला. संथ हात वगैरे काही उरलं नव्हतं. पेपर धरलेली बोटं सालटली होती.

"काका, थांबा."

"खालीच आहे ती," ते म्हणाले. "ह्या प्रायमरच्या खाली आहे. एवढा थर काढला की दिसेल."

पाणी आधी पांढरं येत होतं, मग करडं, मग परत पांढरं. मी पर्स तिथेच ठेवून खाली बसले, मगने पाणी सोडायला लागले. दुसरं काय करणार? म्हटलं, पुसून बघा मधेमधे. ते पुसेनात. ओल्यात रंग खुलून दिसतो म्हणाले. ते घासत राहिले, मी पाणी सोडत राहिले, आणि मग पाण्यातून काळं यायला लागलं. तेव्हा ते थांबले. खांद्यावरच्या फडक्याने त्यांनी कोपरा कोरडा केला.

मधोमध बंपरचं उघडं प्लास्टिक दिसत होतं, काळं. त्याच्याभोवती कडी-कडीने थर, पांढरा, करडा, पांढरा, करडा. इतक्या वर्षांचे सगळे दसरे तिथे एकाभोवती एक होते. गुलाबी कुठेच नव्हतं. पाण्याबरोबर गेलं, की आधीच विरून संपलं होतं, देव जाणे.

"दिसतंय का तुला?" काकांनी विचारलं. "माझे डोळे आता..."

मी नीट बघितलं. वाकून, तिरकं, सगळ्या बाजूंनी. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण या माणसाने आयुष्यभर खालचा थर बघितल्याशिवाय वरच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

"नाही काका," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. मग बराच वेळ उठलेच नाहीत. उठवायला मला नवऱ्याला हाक मारावी लागली.

दसऱ्याला मी स्कूटरची पूजा केली आणि ताट घेऊन तशीच गाडीकडे गेले. काका दारात उभे होते. काकू गेल्यापासून त्या गाडीला कुणी कुंकू लावलं नव्हतं. कुणाची हिंमत झाली नव्हती.

"लावू का?" मी विचारलं.

"लाव. पण धरणार नाही," ते म्हणाले. "खाली काही नाही त्याच्या."

मी कुंकू ओलं केलं आणि त्या काळ्या ठिपक्यावर टिळा लावला. फूल वाहिलं. काकांनी आपट्याचं पान घेतलं माझ्याकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायला खाली उतरले, तर ते खुर्ची टाकून बसले होते. ठिपका काळाच्या काळा होता. कुंकू सुकून गळून पडलं होतं, फरशीवर थोडी लाल पूड तेवढी दिसत होती.

"धरलं नाही," मी म्हटलं.

"नाहीच धरणार." ते त्या ठिपक्याकडे बघत होते. "तिचं धरलं, कारण रंग ओला होता. आणि मी तिला म्हणत होतो, वाळू दे, मग लाव."